पाठीवरची खूण

सकाळचे साडेसात. एमआरआयचा विभाग तळघरात आहे आणि रांग जिन्यावर आलेली आहे. मे महिना. शाळांना सुट्टी लागली की मुलांच्या मोठ्या तपासण्या, मोठी ऑपरेशनं याच दिवसांत उरकायची असतात. त्यामुळे मुंबईतल्या या सरकारी रुग्णालयाच्या बोळात आज मुलंच जास्त. पंखे फिरतायत, वारा लागत नाही. बाक भरले म्हणून बायका भिंतीला पाठ टेकून फरशीवर बसल्यात. मांडीवर मूल, शेजारी पिशवी, पिशवीत चादर, पाण्याची बाटली आणि प्लास्टिकच्या फाइलीत केसपेपर. कुणी परभणीहून रात्रीच्या गाडीनं आलंय. कुणी जव्हारहून काल संध्याकाळीच येऊन आवारातल्या झाडाखाली रात्र काढलीय.

रडणं भुकेचं आहे. भूल द्यायची तर पोट रिकामं लागतं. जेवण आणि वरचं दूध सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास आधी, पाणी दोन तास आधी. सिस्टर एकेकीसमोर वाकून विचारतेय.

"शेवटचं काय खाल्लं?"

"रात्री नऊला वरणभात."

"पाणी?"

"सहाला. दोन घोट."

ती लिहून पुढे सरकते. नियम सोपा आहे, पण दीड वर्षाच्या मुलाला तो समजावता येत नाही. आणि नंबर नेमका कधी लागेल हे इथं कुणालाच सांगता येत नाही. अपघाताचा पेशंट आला की सगळी यादी खाली सरकते. एक आजी पदराआडून बिस्किट पुढे करते. सून तिचं मनगट धरते, बोलत काही नाही.

भूलतज्ज्ञ येते. तरुण आहे, रात्रपाळी डोळ्यांत उतरलीय. एका मुलाच्या छातीला स्टेथोस्कोप लावते, नाक पाहते. "सर्दी किती दिवस?" "तीन." ती मान हलवते. छातीत कफ असताना भूल देणं धोक्याचं. "पूर्ण बरी होऊ दे, मग नवी तारीख घेऊ." बाप क्षणभर तसाच उभा राहतो, मग चादरीची घडी घालायला लागतो. आईनं तोवर बिस्किटाचा पुडा फोडलाय.

दाराबाहेरच्या टेबलावर ट्रे आहे. वाळे, बिंदल्या, ताईत, सेफ्टी पिना, एक पैंजण. "करगोटा काढा," वॉर्डबॉय मामा सांगतात. "चांदीचा आहे," आजी म्हणते. "आजी, आत कुठलाच धातू नाही न्यायचा." काचेपलीकडचं चुंबक दीड टेस्लाचं आहे, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या जवळजवळ तीस हजार पट. ते रात्रीही बंद होत नाही. आजी मामांना हात लावू देत नाही. स्वतःच गाठ सोडते. बारशापासून कमरेला असलेला करगोटा सुटायला वेळ लागतो.

तो सुटतो तेव्हा बाळ पालथं केलं जातं आणि पाठ दिसते. कमरेखाली, नितंबांच्या फटीच्या वर, लिंबाएवढी मऊ गाठ. तिच्यावर लालसर डाग. पलीकडच्या मुलीच्या पाठीवर केसांचा पुंजका आहे, काळा, बोटभर लांब. तिसऱ्याच्या पाठीत खोल खळगा. "आमच्याकडं ही मारुतीची खूण मानतात," आजी मला सांगते. तिच्या सुरात कौतुक आहे. गर्भाच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वरची कातडी आणि आतला मज्जारज्जू एकाच थरातून वेगळे होतात. तिथं काही बिघडलं तर त्याची निशाणी वर, कातडीवर, राहून जाते. आज मणक्याच्या तपासणीला आलेल्या बहुतेक मुलांच्या पाठीवर असं काहीतरी आहे. आजीला मी हे सांगत नाही. वर डॉक्टर सांगतील.

आत थंडी आहे. बाहेरच्या घामावर ती थेट अंगावर काटा आणते. पहिला नंबर दोन महिन्यांच्या बाळाचा. आईनं नुकतंच पाजलंय, चादरीत घट्ट गुंडाळलंय, कानांवर जाड आवरणं लावलीत. इतक्या लहानांना पाजून, गुंडाळून झोपवलं की पुष्कळदा भुलीची गरजच पडत नाही. याची सोनोग्राफी आधी झालीय. जन्मानंतरचे पहिले तीन-चार महिने मणक्यांची मागची बाजू पुरती हाडाची झालेली नसते, म्हणून सोनोग्राफीच्या लहरी आतपर्यंत पोचतात. ना भूल, ना चुंबक. पुढे हाड धरलं की ती वाट मिटते आणि मग याच बोळात रांगेला बसावं लागतं.

यंत्र सुरू होतं. ठकठकठक. मग लांब घरघर, मग पुन्हा ठोके. अर्धा-पाऊण तास हे चालायचं. मूल हललं की चित्र धूसर आणि तो भाग पहिल्यापासून पुन्हा. काचेच्या अलीकडे आई उभी आहे. तिची नजर पडद्यावर नाही, चादरीतून बाहेर आलेल्या बाळाच्या कपाळावर आहे.

पडद्यावर पाठीचा उभा छेद उमटतो. मणके एकाखाली एक. त्यांच्या मागे राखाडी मज्जारज्जू, भोवती पाणी. निवासी डॉक्टर पेनाचं टोक पडद्यावर ठेवून मणके मोजतो. खालून एकदा, वरून एकदा. कुणाला कमरेत पाचाऐवजी सहा मणके असतात, कुणाचा पाचवा खालच्या हाडाला जुळलेला असतो. एक मणका चुकला तर सगळं निदान चुकतं. मज्जारज्जूचं टोक कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपायला हवं. गर्भात सुरुवातीला तो पाठीच्या तळापर्यंत पोचलेला असतो. नंतर हाडं भराभर वाढतात, तो तेवढा वाढत नाही, म्हणून टोक वर वर सरकत जातं. या बाळाचं सरकलेलं नाही. पेन खाली येतं, आणखी खाली येतं. मज्जारज्जू शेवटपर्यंत उतरलाय आणि तिथं एका पांढऱ्याशुभ्र गोळ्यात शिरलाय. या प्रकारच्या छायाचित्रात चरबी अशी लख्ख पांढरी येते. गोळा हाडाच्या फटीतून मागे निघून कातडीखालच्या गाठीला मिळतो. करगोट्याखाली दिसली ती गाठ म्हणजे याचं बाहेरचं टोक.

"लायपोमा," डॉक्टर म्हणतो आणि लिहून घेतो.

पुढच्या मुलीचं वेगळं. तिचा मज्जारज्जू दिसायला नीट आहे, पण टोकापासून खाली जाणारा धागा जाड झालाय. तो दोन मिलिमीटरच्या आत असायला हवा. इथं जास्त भरतो आणि त्यातही चरबीची पांढरी रेघ आहे. नंतरच्या एका मुलाच्या मज्जारज्जूचे मधेच दोन भाग झालेत, त्यांच्यामध्ये हाडाची खुंटी उभी आहे. त्याला सीटी स्कॅनही लागेल. प्रत्येकाची सबंध पाठ घेतली जाते, फक्त कंबर नाही. खाली एक दोष सापडला की वर दुसरा दडलेला असू शकतो. टोरांटोच्या शल्यचिकित्सकांनी १९७६ साली खाली अडकून ताणलेल्या मज्जारज्जूच्या ३१ रुग्णांची हकिकत एकत्र मांडली आणि हा आजार जगभर नीट ओळखला जाऊ लागला. तेव्हा एमआरआय नव्हता. पाठीतल्या पाण्यात रंगद्रव्य टोचून एक्स-रे काढायचे.

जिना चढून वर यावं तर ऊन भिंतीवर चढलेलं. ओपीडीच्या दारात नंबर पुकारले जातायत. इथली मुलं मोठी आहेत. पाच वर्षांची, आठ वर्षांची, बारा वर्षांची. बाकाखाली पाहिलं की पुष्कळ कळतं. एका मुलीची उजवी चप्पल शाबूत, डावीची टाच झिजून तिरकी. एका मुलाच्या पायाची कमान उंच, बोटं आखडलेली. चालताना त्याची चप्पल निसटते, म्हणून आईनं ती रबरबँडनं बांधलीय. काही मुली बाकाच्या अगदी कडेला बसतात आणि बोलावलं की उठताना फ्रॉक मागून चाचपतात. हवेत फिनेलचा वास आहे आणि त्याखाली लघवीचा.

आठ वर्षांची एक मुलगी आत येते. आई खालच्या आवाजात सांगते. "तिला लघवी कळत नाही. थेंबथेंब सुटते. शाळेत पोरं वास येतो म्हणतात." पाठीवर जुना व्रण आहे. दीड वर्षाची असताना तालुक्याला चरबीची गाठ म्हणून काढून टाकलेली. एमआरआय काढला नव्हता. वरची गाठ गेली, आतली राहिली. अशा गाठीवर आतलं चित्र पाहिल्याशिवाय सुरी चालवली जाते, याचा मला राग येतो. तपासणाऱ्या सर्जन मॅडमना तो येत असला तरी त्या दाखवत नाहीत. फिल्म उजेडासमोर धरतात, मग केसपेपर उलटा करून पेन घेतात.

"तुमच्याकडं गुरं आहेत?"

"आहेत की."

"वासराच्या गळ्यात दावं बांधलं आणि ते कधी सैल केलंच नाही, तर? वासरू वाढतंय, दावं तेवढंच. तसं हिच्या पाठीतली नस खाली चिकटलीय. पोरगी वाढतेय, नस ताणली जातेय. ताण पडला की तिचा रक्तपुरवठा कमी होतो. पायाला आणि लघवीच्या पिशवीला तिथूनच निरोप जातात."

बापाला समजतं. तो चित्राकडे पाहत राहतो. मग विचारतो, "ऑपरेशन केल्यावर लघवी कळायला लागेल ना?"

हा प्रश्न इथं दिवसभर विचारला जातो. मॅडम पेन खाली ठेवतात. आवाज तोच, फक्त सावकाश. ऑपरेशननं कंबर आणि पायाचं दुखणं दहातल्या आठ-नऊ मुलांचं कमी होतं. पायाची ताकद साधारण निम्म्या मुलांत सुधारते. लघवीचं त्याहून कमी मुलांत, आणि त्रास जितका जुना तितकी आशा थोडी. वाकडं झालेलं पाऊल त्यानं सरळ होत नाही, त्याला हाडाच्या डॉक्टरांचं वेगळं काम लागतं. "आज जे आहे ते टिकवायचं, हे पहिलं. गेलेलं परत आलं तर आनंद. पण मी तसा शब्द देत नाही."

आई मुलीच्या डोक्यावरून हात फिरवते. मुलगी टेबलावरच्या गुडघा ठोकायच्या हातोडीकडे पाहतेय.

त्यांच्यामागून तळघरातलं दोन महिन्यांचं बाळ येतं. इथं प्रश्न जास्त अवघड. बाळाचे पाय जोरात हलतायत, ओल्या लंगोटाच्या वेळा ठीक आहेत. त्रास काहीच नाही, चित्र मात्र ते. आत्ताच ऑपरेशन करावं की लक्ष ठेवून थांबावं? जगातले सर्जन यावर एकमताचे नाहीत. पॅरिसच्या डॉक्टरांनी २००४ साली त्रास नसलेल्या अशा मुलांचा अनुभव मांडला. ऑपरेशन न करता नुसतं लक्ष ठेवलं, तेव्हा काही वर्षांत चारातल्या एकाची तब्येत बिघडली. तीन चांगली राहिली. दुसरीकडे चरबी जवळजवळ पूर्ण काढणारे सर्जन दीर्घकाळाचे उत्तम निकाल दाखवतात, पण ते काम फार थोड्या हातांचं आहे. जाड धाग्याचं तसं नाही. ते ऑपरेशन छोटं, धोका कमी, तिथं निर्णय लवकर होतो. मॅडम बाळाच्या आईवडिलांना दोन्ही बाजू सांगतात. आजी मधेच विचारते, "म्हणजे खूण चांगली नाही?" "आजी, खूण चांगलीच. तिच्यामुळं तुम्ही वेळेत आलात."

बोळाच्या टोकाला एक छोटी खोली. दारावर पडदा. आठ वर्षांच्या मुलीला इथं आणलंय. लघवीच्या पिशवीत बारीक नळी, पिशवी हळूहळू पाण्यानं भरायची आणि आतला दाब मोजायचा. या वयात पिशवीत साधारण ३०० मिलिलिटर मावायला हवं. वयात दोन मिळवून तीसनं गुणायचं, असा ठोकताळा आहे. मॉनिटरवरची रेघ निम्म्यातच वर चढते. दाब पाण्याच्या ४० सेंटिमीटरच्या पुढे राहू लागला की लघवी मागे मूत्रपिंडांकडे ढकलली जाते. मुलीला तिथं दुखत नाही, म्हणून घरी कुणाला कळत नाही. मूत्रपिंडं मात्र खराब होत राहतात. माझ्या मते या आजारातली सगळ्यात मोठी भीती पायाची नाहीच, ही आहे.

तपासणी झाल्यावर सिस्टर आईला शेजारी बसवते. साबणानं हात धुवायचे, नखं कापलेली. नळी कुठं, किती आत, कधी थांबायचं. दर तीन-चार तासांनी. निर्जंतुक खोली लागत नाही, स्वच्छ हात लागतात. ही पद्धत १९७२ साली अमेरिकेत मांडली गेली आणि तेव्हापासून तिनं कितीतरी मुलांची मूत्रपिंडं वाचवलीत. आईचे हात थरथरतात. पहिल्यांदा जमत नाही. दुसऱ्यांदा किडनी ट्रेमध्ये धार पडते. "शाळेत कोण करणार?" आई विचारते. सिस्टर म्हणते, "दहाव्या वर्षापर्यंत ती स्वतः शिकेल. तोवर मधल्या सुट्टीत तुम्ही." आई हिशेब करतेय. शाळा, शेत, अंतर. शाळेतल्या संडासाला कडी आहे का, हेही तिला आठवून पाहावं लागतं.

ऑपरेशन थिएटरबाहेर बाक नाही. माणसं उभीच. आत मला कोपऱ्यात उभं राहू दिलंय, हिरव्या कपड्यांत. मूल पालथं आहे, छातीखाली आणि कमरेखाली उशा, पोट मोकळं लोंबतं. पोटावर दाब आला तर पाठीतलं रक्त वाढतं. हातमोजे रबराचे नाहीत. पाठीचा जन्मजात दोष असलेल्या मुलांना वारंवारच्या ऑपरेशनांमुळे रबराची ॲलर्जी होण्याचा धोका मोठा असतो. पोटऱ्यांत, मांड्यांत आणि गुदद्वाराच्या स्नायूंत बारीक सुया. त्यांच्या तारा शेजारच्या संगणकात.

सूक्ष्मदर्शकाचं चित्र पडद्यावर दिसतं. आवरण उघडतं, स्वच्छ पाणी वर येतं. त्याखाली पांढऱ्या नसांचा जुडगा आणि मधे तो जाड, पिवळट धागा. मॅडम त्याला विजेच्या टोकानं स्पर्श करतात. सगळे संगणकाकडे पाहतात. एकही स्नायू हलत नाही. म्हणजे ही नस नाही. शेजारच्या बारीक दोऱ्याला तेच टोक लागतं आणि पायाची रेघ उसळते. ती नस, ती बाजूला. धागा जाळून कापला जातो. वरचं टोक जरा वर सरकतं. एवढंच. हे काम दीड-दोन तासांचं. लायपोमात चरबी आणि मज्जारज्जू यांची सीमा शोधत जावं लागतं, त्याला अख्खा दिवस जातो.

वॉर्डात ऑपरेशन झालेली मुलं आडवी. काही दिवस बसायचं नाही. बसलं की पाण्याचा दाब टाक्यांवर येतो आणि जखमेतून पाणी झिरपू शकतं. झिरपलं की जंतूंची भीती. सहा वर्षांच्या मुलाला पालथं पडून राहायला लावणं हे आईचं काम. ती मोबाइल दाखवते, गोष्ट सांगते, पाय दाबते, पाठीवर वहीनं वारा घालते. रात्री उशीर झाला की दोघं तशीच झोपतात, ती खाली फरशीवर, हात वर पलंगाच्या दांड्याला.

दुपारची ओपीडी फेरतपासणीची. एक बाप फिल्मची मोठी पिशवी घेऊन आत येतो, चेहरा उतरलेला. मुलाचं ऑपरेशन गेल्या वर्षी झालंय. नवा एमआरआय गावाजवळच्या शहरात स्वतःच्या खर्चानं काढलाय.

"मॅडम, नस तर तिथंच आहे. रिपोर्टमध्ये लिहिलंय, खाली अडकलेली."

मॅडम फिल्म पाहतात आणि बाजूला ठेवतात. ऑपरेशननंतरही बहुतेक मुलांचा मज्जारज्जू चित्रात खालीच दिसतो. तो मोकळा झालाय का, हे चित्रातून नीट सांगता येत नाही. "चालून दाखव बाळा." मुलगा चालतो. "टाचांवर." टाचांवर चालतो. "पळ." दारापर्यंत पळतो. चप्पल पालथी करून दोन्ही टाचा पाहिल्या जातात. मग मॅडम आईकडे वळतात. "वही आणलीत?" वहीत किती वाजता लघवी, किती, मधे ओलं झालं का, हे लिहिलंय. मार्चमध्ये दिवसाला चार वेळा 'ओलं'. एप्रिलमध्ये दोन. या महिन्यात तीन कोरड्या रात्री. मॅडम वही वाचत जातात, फिल्मपेक्षा जास्त वेळ. बापाच्या खांद्यांवरचा ताण उतरताना दिसतो.

पुढचा मुलगा तेरा वर्षांचा. ओठांवर मिसरूड. लहानपणी लायपोमाचं ऑपरेशन झालं, सात-आठ वर्षं उत्तम गेली. गेल्या सहा महिन्यांत उंची झपाट्यानं वाढली आणि पाय पुन्हा दुखू लागला, रात्री बिछाना ओला होऊ लागला. जखम भरताना नस पुन्हा चिकटते. जाड धाग्याच्या ऑपरेशननंतर असं क्वचित होतं, लायपोमात बरंच जास्त. पुन्हा तळघर, पुन्हा नळीची तपासणी, कदाचित पुन्हा ऑपरेशन. तो खिडकीबाहेर पाहत ऐकतो. "दहावीच्या आधी होईल का?" एवढंच विचारतो. ही गोष्ट त्यानं घरी चार महिने सांगितली नव्हती.

बाहेर पडताना लसीकरणाच्या खोलीवरून जावं लागतं. दीड महिन्याचा डोस घ्यायला आलेली बाळं. नर्स टोचण्याआधी बाळाला पालथं करते, लंगोट खाली ओढते, कमरेवरून अंगठा फिरवते, पुन्हा सुलटं करते. अर्धं मिनिटही लागत नाही. याच वयात सोनोग्राफीची वाट उघडी असते. ज्या खोल्यांमध्ये हे अर्धं मिनिट दिलं जात नाही, तिथली मुलं आठव्या वर्षी वरच्या बाकाच्या कडेला बसलेली दिसतात.

घरात तान्हं बाळ असेल तर आज अंघोळीला त्याची पाठ खालपर्यंत नीट पाहा. फटीच्या आत, माकडहाडाच्या टोकाशी असलेली उथळ खळी बहुधा निरुपद्रवी असते, तिनं घाबरू नका. पण फटीच्या वर गाठ, केसांचा पुंजका, लाल डाग, शेपटीसारखा कोंब किंवा खोल खळगा दिसला, तर बाळ तीन महिन्यांचं व्हायच्या आत बालरोगतज्ज्ञाला दाखवा, मणक्याची सोनोग्राफी करून मागा, आणि आतलं चित्र पाहिल्याशिवाय ती गाठ कुणालाही काढू देऊ नका.